३०७ काढून एलएस३: १९६९ ची कॅमॅरो नव्याने बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका वाचकाने १९६९ ची शेव्हरले कॅमॅरो घेतली आहे. मूळ ३०७ घनइंची व्ही-८ इंजिन, दोन गिअरची ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी चालते, पण महामार्गावर नको होते. त्यांना बाहेरून जुनीच दिसणारी, आत मात्र एलएस३ (जनरल मोटर्सचं आधुनिक व्ही-८) इंजिन, हाताने टाकायचे गिअर, डिस्क ब्रेक आणि एसी असलेली गाडी हवी आहे. सुरुवात इंजिनापासून करायची का, गिअरबॉक्स कोणता, मूळ इंजिनाचं काय करायचं आणि पुढेमागे गाडी पुण्याला नेता येईल का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. इंजिन शेवटी घ्या. मोजमापासाठी रिकामा ब्लॉक किंवा प्लास्टिकचा डमी ब्लॉक आणून ठेवा. खरं इंजिन घेऊन दोन वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलं, तर त्याची वॉरंटी तिथेच उभ्याउभ्या संपते. या गाड्या अर्धवट पडून राहतात त्या इंजिनामुळे फार क्वचित. पत्रा किती सडलाय हे उशिरा कळतं आणि तोवर पैसे चकचकीत सामानात गेलेले असतात, म्हणून त्या पडून राहतात.

कापण्याआधी गाडी कोण आहे ते बघा

१९६९ च्या कॅमॅरोचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १२४३७ ने सुरू होत असेल तर ती व्ही-८ कूपे, १२३३७ असेल तर सहा सिलिंडरची. पुढचा ९ म्हणजे १९६९ आणि त्यानंतरचं एन अक्षर नॉरवूड कारखान्याचं, एल असेल तर लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसचं. मात्र इंजिन ३०७ आहे की ३९६ हे व्हीआयएन सांगत नाही. नॉरवूडच्या गाडीवर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या पट्टीला जो टॅग असतो, त्यावर एक्सने सुरू होणारा कोड मिळाला तर थांबून विचार करा. एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड-२८ चे कोड आहेत, एक्स२२ आणि एक्स६६ हे ३९६ च्या एसएसचे; दोन्ही कॅमॅरोच्या खास वेगवान आवृत्त्या. अशा गाडीला ग्राइंडर लावू नये. ती मूळ रूपातच जास्त मोलाची असते. टॅग बनावट बनवून लावले जातात, म्हणून ब्लॉकच्या पुढच्या उजव्या बाजूच्या सपाट जागेवर ठोकलेला व्हीआयएनचा शेवटचा भागही जुळवून पाहा.

तुमच्या वर्णनावरून गाडी साध्या ३०७ ची आहे. बदलासाठी याहून चांगला पाया नाही, कारण ती बदलल्याने इतिहासाचं काही बिघडत नाही. तरी काढलेलं इंजिन आणि पॉवरग्लाइड भंगारात देऊ नका. तेल भरा, प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून इंजिन हाताने फिरवा, सगळी तोंडं बंद करा आणि स्टँडवर ठेवा. गाडीच्या क्रमांकाशी आकडे जुळणारं मूळ इंजिन सोबत देता आलं, तर विकताना गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मात्र पुनर्बांधणीत सबफ्रेम (इंजिन धरणारा पुढचा सांगाडा) आणि टनेल (गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा) होता होईल तितकं न कापता काम केलं, तरच त्या इंजिनाला परतीची वाट राहते.

ताकदीच्या आकड्यांचा एक गोंधळही इथेच निस्तरतो. ३०७ चे २०० हॉर्सपॉवर हे जुन्या ‘ग्रॉस’ पद्धतीचे, म्हणजे इंजिन बाकावर, पंखा-सायलेन्सर वगैरे ओझं काढून मोजलेले. एलएस३ चे ४३० हे ‘नेट’ आहेत, सगळा संसार जोडून. म्हणजे गाडीची ताकद कागदावर दिसते तशी दुप्पट होत नाही, त्याच्याही पुढे जाते. १९६९ च्या चेसिसला हे सोसवणं हाच सगळ्या कामाचा गाभा आहे.

पत्रा

पहिल्या पिढीच्या कॅमॅरोला पूर्ण चेसिस नसते. मागचा भाग एकसंध बॉडी, आणि पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम. त्यामुळे पत्रा सडला की फक्त रूप जात नाही, हाडं जातात.

सगळ्यात फसवी जागा विंडशील्डखालची काउल. तिथली जाळी पानं-कचरा अडवते, ओल टिकते आणि पत्रा आतून सडतो. परीक्षा सोपी आहे: जाळीवर सावकाश बादलीभर पाणी ओता आणि आत दोन्ही पायांपाशी टॉर्च मारून बघा. पाणी आत आलं तर काउल उघडून वेल्डिंग करण्यावाचून गत्यंतर नाही. वरून सीलंट फासलेली काउल दोन पावसाळ्यांत पुन्हा गळते आणि तेव्हा खाली नवं कार्पेट आणि नवी वायरिंग असते. त्यानंतर मागच्या काचेची खाच, डिकीच्या दोन्ही बाजूंचे खोलगट कोपरे, मागच्या चाकांमागचा खालचा पत्रा, आणि कमानपाट्यांचं (मागच्या लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जिथे बॉडीत बसतं ते खिसे बघा. खिशांत पेचकस घुसला तर पुढचं सगळं बजेट पुन्हा मांडा.

सबफ्रेम काढली की तिचे मागचे बॉडी-माउंट तपासा आणि जुने रबर फेकून द्या. जागी ॲल्युमिनियमचे भरीव बुश घाला. रबरावर पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा हलतो. दरवाजे नीट लागत नाहीत, विंडशील्डला चरे जातात, त्याचं कारण पुष्कळदा हेच. सबफ्रेम परत बसवताना फायरवॉलजवळच्या माउंटपाशी बॉडीत आणि सबफ्रेममध्ये एकासमोर एक भोकं आहेत. दोन्हींतून ५/८ इंचाची सरळ सळई आरपार जाऊ द्या, मगच बोल्ट आवळा. त्यानंतर कर्णांची मापं घ्या. हे केलं नाही तर पुढचं अलाइनमेंट कितीही वेळा करा, गाडी एका बाजूला ओढतच राहील. मागच्या बॉडीला सबफ्रेमशी जोडणारे कनेक्टर वेल्ड करून घ्यावेत. वेल्डिंगच्या वेळी गाडीचं वजन चाकांवर किंवा चाकांखालच्या स्टँडवर हवं. मधोमध जॅक लावून वेल्ड केलेली गाडी वाकडी ती वाकडीच राहते.

रंग अजून नाही. आधी इंजिन (किंवा त्याचा डमी ब्लॉक), गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, रेडिएटर, एसी, पेडल, चाकं सगळं उघड्या पत्र्यावर एकदा पूर्ण जोडून बघा. प्रत्येक भोक, प्रत्येक ब्रॅकेट आत्ताच. मग सगळं उतरवा, रंग द्या आणि पुन्हा जोडा. दोनदा जोडणं म्हणजे वेळेची नासाडी वाटते, पण रंगवलेल्या फायरवॉलला ड्रिल लावायची वेळ आली की ती नासाडी स्वस्त होती हे कळतं.

चालणं, वळणं, थांबणं

मूळ पुढच्या सस्पेन्शनमध्ये एक जन्मजात खोट आहे. वळणावर बाहेरचं चाक दाबलं गेलं की त्याचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) धन दिशेला जातो. टायरचा माथा बाहेर झुकतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी पकड सुटते. १९६९ च्या कडक, अरुंद टायरला ते चालून जायचं. आजच्या रुंद रेडियलला चालत नाही. उपाय दोन: वरच्या आर्मची जागा खाली आणून नवी भोकं पाडायची, किंवा उंच बॉल जॉइंट अथवा उंच स्पिंडल आणि सोबत नळीचे वरचे आर्म घ्यायचे. दुसरा मार्ग महाग आहे, पण सबफ्रेमला भोक पडत नाही, म्हणून तुमच्यासाठी तोच. नळीच्या आर्ममुळे कॅस्टरही (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) वाढवता येतो. अलाइनमेंटवाल्याला कारखान्याचा जुना तक्ता वापरू देऊ नका. कॅस्टर धन ४ ते ५ अंश, कॅम्बर ऋण अर्धा अंश, आणि टो-इन (पुढची चाकं आत वळलेली असण्याचं माप) एकूण १/१६ ते १/८ इंच, हे त्याला कागदावर लिहून द्या. जुन्या तक्त्यावर लावलेली गाडी ७० मैलांच्या वेगाला तरंगते आणि दोष स्टिअरिंग बॉक्सला दिला जातो. बॉक्सही बदला, १२.७ ला १ चा पॉवर बॉक्स पुरेसा तरतरीत आहे. नवा पंप जास्त तेल ढकलत असेल तर स्टिअरिंग नको इतकं हलकं होतं. त्यावर पंपाचा फ्लो कमी करणारा व्हॉल्व्ह मिळतो.

साध्या ३०७ च्या गाडीला मागे एकपदरी कमानपाटा येतो. एलएस३ चा टॉर्क त्याला मिळाला की पाटा इंग्रजी एसच्या आकारात पिळला जातो, चाक उड्या मारतं, आणि त्या धक्क्यांत क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) किंवा ॲक्सल तुटतो. बहुपदरी पाटे घ्या. त्यांच्या प्लेटा आणि बोल्टही वेगळे लागतात, ते सेटमध्येच घ्या. डिफरन्शियल दहा बोल्टांचा, ८.२ इंची क्राउनचा आहे. तो काढाच. पर्याय दोन: शेव्हरलेचा बारा बोल्टांचा ८.८७५ इंची किंवा फोर्डचा ९ इंची. फोर्डचं नाव शेव्हरलेखाली लागलेलं कट्टर लोकांना रुचत नाही. पण ९ इंचीचा मधला गोळा पुढून सबंध बाहेर येतो, त्यामुळे रेशो बदलणं सोपं, आणि ॲक्सलला सी-क्लिप (आतून अडकवणारी कडी) नसते, म्हणजे ॲक्सल तुटला तरी चाक बाहेर येत नाही. रस्त्यावरच्या गाडीला मी बारा बोल्टांचाही नवा, ३० स्प्लाइनचा (ॲक्सलच्या टोकाला ३० खाचांचा) घ्यायला ना म्हणणार नाही, तो फिरायला हलका आहे.

ब्रेकला शेव्हरलेच्या सी५ पिढीच्या कॉर्व्हेटचे कॅलिपर आणि डिस्क अडॅप्टरने बसतात: पुढे ३२५ मिमी, मागे ३०५ मिमी. त्यासाठी चाक १७ इंची हवं. पुढे १७×८ वर २४५/४५ आणि मागे १७×९.५ वर २७५/४० घेतले तर चारही टायरची उंची सुमारे २५.७ इंच येते. मागे फेंडरची आतली कडा वाकवून घ्यावी लागेल. ऑर्डर देण्याआधी स्प्रिंग काढून चाक वर-खाली, डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून जागा मोजा.

डिस्क लावल्यावर सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘ब्रेक धरून राहतात’ अशी. कारण बहुतेक वेळा जुना ड्रमचा मास्टर सिलिंडर. त्यात ड्रमसाठी सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, आणि तेवढ्या दाबाने डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. चार डिस्कसाठी १ इंच बोअरचा मास्टर, सोबत बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा) आणि मागच्या चाकांचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घ्या. पेडलला दोन भोकं असतात, वरचं बिनबूस्टरच्या ब्रेकसाठी, खालचं बूस्टरसाठी. पुशरॉड वरच्याच भोकात राहिला तर तो तिरका बसतो, बूस्टर नीट काम करत नाही आणि पेडल विचित्र लागतं. एलएस३ चा मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ठेवला तर बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळतो. मोठा कॅम घातलात आणि आयडलला व्हॅक्यूम पाऱ्याच्या १५ इंचांखाली गेला, तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट घ्यावा लागेल. घरच्या माणसांना घेऊन लांब जायची गाडी आहे तर मूळ कॅमच ठेवा. सिग्नलला उभी असताना घुमणारी गाडी आवडते ती पहिले दोन महिने.

गिअरबॉक्स

निवड ट्रेमेक कंपनीच्या दोन बॉक्सांमध्ये आहे. सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम ७०० पौंड-फूट टॉर्क सोसतो, पाच गिअरचा टीकेएक्स ६००. तुमच्या इंजिनाचा टॉर्क सव्वाचारशेच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही पुरून उरतात. फरक जागेचा. मॅग्नम अंगाने मोठा आहे, त्याच्यासाठी टनेलचा वरचा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. टीकेएक्स जुन्या टनेलांत बसावा म्हणूनच बनवलेला आहे, तिथे कापाकापी अगदी थोडी.

आता हिशेब करून बघू. ७० मैलांचा वेग, २५.७ इंची टायर, ३.७३ चा डिफरन्शियल. पॉवरग्लाइडसारखा वरचा गिअर १.०० असेल तर इंजिन ३,४०० फेऱ्यांवर ओरडत असतं. टीकेएक्सच्या ०.६८ च्या पाचव्यात ते २,३२० वर येतं, मॅग्नमच्या ०.६३ च्या सहाव्यात २,१५० वर. मॅग्नमचाच ०.५० सहावा असलेला दुसरा संच आहे, त्यात १,७०० फेऱ्या. पण तिथे चढावर सहावा ओढत नाही, सारखं पाचव्यात यावं लागतं. १७० फेऱ्यांच्या फरकासाठी टनेल कापण्यात मला अर्थ दिसत नाही. टीकेएक्स, ३.७३, विषय संपला.

गाडी मूळची ऑटोमॅटिक आहे, म्हणून क्लचसह पेडल सेट लागेल आणि हायड्रॉलिक क्लचचा मास्टर फायरवॉलवर येईल. फायरवॉलचा पत्रा पातळ आहे. मागे जाड प्लेट दिली नाही तर क्लच दाबताना पत्रा फुगतो, निम्मा स्ट्रोक तिथेच मुरतो आणि गिअर खरखरतात. पुशरॉड पेडलपासून मास्टरपर्यंत सरळ रेषेत हवा. रिलीज बेअरिंग आणि क्लचच्या बोटांमधली फट कंपनीच्या कागदाप्रमाणे मोजून शिम घाला. ‘साधारण बसलं’ म्हणून सोडलं तर बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे बेलहाउसिंगची, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची, डायल गेजने तपासणी. फ्लायव्हीलवर गेज बसवा, इंजिन एक फेरा फिरवा, बेलहाउसिंगचं मधलं भोक क्रँकशी किती एककेंद्री आहे ते वाचा. एकूण फरक ०.००५ इंचांच्या आत हवा. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल घालून जागेवर आणा. हे न केल्यास इनपुट शाफ्टचं बेअरिंग हळूहळू जातं, तिसरा-चौथा गिअर कठीण पडतो आणि लोक बॉक्सला शिव्या देतात. फ्लायव्हीलचे बोल्ट तीन टप्प्यांत आवळा: १५, ३७, ७४ पौंड-फूट.

प्रोपेलर शाफ्टचे कोन गाडी चाकांवर उभी असतानाच मोजा. गिअरबॉक्सची शेपटी सुमारे ३ अंश खाली असेल तर डिफरन्शियलचं नाक त्या रेषेला समांतरपेक्षा १ ते २ अंश खाली ठेवा. ताकद लागली की कमानपाटे वळतात आणि नाक वर येऊन समांतर होतं. क्रॉसचा कोन १ ते ३ अंशांत राहिला पाहिजे. शून्यही चांगला नाही, सुया एकाच जागी घासून खड्डा पडतो. ६० मैलांच्या पुढे येणारी घरघर चाकांचं बॅलन्सिंग करून जात नसेल तर कोनमापक काढा.

इंजिन

एलएस३ म्हणजे ६.२ लिटर, पूर्ण ॲल्युमिनियम, लोखंडी जुन्या स्मॉल-ब्लॉकपेक्षा शंभर पौंडांच्या आसपास हलकं. ते जुन्या सबफ्रेमच्या स्टँडवर अडॅप्टर प्लेटांनी बसतं. प्लेटा, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या), ऑइल पॅन आणि गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर शक्यतो एकाच कंपनीच्या संचातले घ्या. प्रत्येक कंपनीने इंजिन पुढे-मागे वेगळ्या ठिकाणी धरलेलं असतं. एकीच्या प्लेटा आणि दुसरीचे हेडर घेतले की हेडरची नळी नेमकी स्टिअरिंग बॉक्सवर येते.

ऑइल पॅन बहुधा बदलावं लागतं. ट्रकचं फार खोल, कॉर्व्हेटचं फार रुंद. जुन्या गाड्यांसाठीचं पॅन घ्या, त्यासोबत पिकअप (तेल ओढणारी) नळीही वेगळी येते. इथे या इंजिनातली सगळ्यात महागडी चूक होते. नळी पंपात शिरते तिथे एक ओ-रिंग असते. ती चुकीच्या जाडीची असेल किंवा बसवताना चिरली तर पंप तेलासोबत हवा ओढतो. थंड इंजिनाला दाब ठीक दिसतो, गरम झाल्यावर काटा खाली येतो आणि बेअरिंग जातात. नळी कोणती, तिला कोणती ओ-रिंग हे जुळवून घ्या, तेल लावून सरळ आत दाबा, बोल्टने ओढून बसवू नका. पॅनची मागची कड ब्लॉकच्या मागच्या पृष्ठाशी पट्टी लावून एका पातळीत आणा, कारण या इंजिनात पॅनलाही बेलहाउसिंग टेकतं. पॅनचे मोठे बोल्ट १८ पौंड-फूट, मागच्या कव्हरमध्ये जाणारे दोन लहान १०६ पौंड-इंच. पौंड-इंच आणि पौंड-फुटाची गल्लत झाली तर ॲल्युमिनियमचे आटे हातात येतात.

एसीचा कॉम्प्रेसर बऱ्याच मूळ ब्रॅकेटवर उजवीकडे खाली असतो आणि सबफ्रेमला लागतो. लोक तिथे सबफ्रेमला खाच पाडतात. नका पाडू, कॉम्प्रेसर वर धरणारी ब्रॅकेट मिळते.

पाण्याचं सर्किट जुन्या इंजिनापेक्षा वेगळं आहे. थर्मोस्टॅट खालच्या, आत येणाऱ्या बाजूला असतो. हेडच्या टोकाशी वाफेची बारीक नळी असते, तिला प्लग मारू नका. ती रेडिएटरच्या वरच्या टाकीला किंवा पाण्याच्या पंपाच्या वरच्या भागाला जोडा. बंद केली की हेडमध्ये वाफेचा फुगा अडकतो, तापमानाचा काटा शांत दिसतो आणि गॅस्केट जातं. रेडिएटर १ इंच रुंद नळ्यांचा, दोन ओळींचा, ॲल्युमिनियमचा पुरतो. दोन इलेक्ट्रिक पंख्यांना सबंध रेडिएटर झाकणारी श्राउड (आवरण) हवीच. श्राउडशिवायचे पंखे आपल्यासमोरचे दोन गोल तेवढे थंड करतात.

पेट्रोलला ५८ पीएसआय दाब लागतो. जुनी टाकी आणि बाहेर लावलेला पंप हा जुगाड आवाज करतो, तापतो आणि टाकी अर्ध्याखाली आली की वळणावर हवा ओढतो. आत बाफल (पेट्रोल हलू न देणारे पडदे) आणि पंप असलेली नवी टाकी घ्या. किती मोठा पंप? ४८० हॉर्सपॉवर धरले तरी ताशी साधारण २४० पौंड, म्हणजे दीडशे लिटर पेट्रोल. २५५ लिटरचा पंप दाबाखालचा उतार धरूनही पुरतो. सी५ कॉर्व्हेटच्या फिल्टरमध्येच दाब नियंत्रक असतो. तो टाकीजवळ लावा, परतीची नळी तिथूनच टाकीत, इंजिनापर्यंत एकच ३/८ इंची नळी. रबरी होज वापरू नका, इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ती झिरपते आणि गॅरेजमध्ये वास राहतो. पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची घ्या.

वायरिंग

कंट्रोलर (इंजिनाचा संगणक) आणि वायरिंगचा तयार संच घ्या आणि ॲक्सिलरेटर पेडल त्याच संचातलं वापरा. दुसऱ्या गाडीचं पेडल प्लगला बसतं, पण सिग्नल जुळला नाही की इंजिन मर्यादित ताकदीवर जातं. ‘सेल्फ मारतो, पण चालू होत नाही’ या तक्रारीत आधी इग्निशनची वायर बघा. जुन्या फ्यूज बॉक्सवरच्या काही जागा सेल्फ मारताना बंद होतात. कंट्रोलरला अशी जागा हवी जी किल्ली ‘चालू’ आणि ‘स्टार्ट’ दोन्हीकडे असताना १२ व्होल्ट देते. मीटर लावून बघितल्याशिवाय जोडू नका.

नवा अल्टरनेटर १४५ अँपिअरचा, मूळच्यापेक्षा कितीतरी मोठा. जुन्या चार्जिंग वायरवर तो लावला तर वायर तापते. ४ गेजची नवी वायर फ्यूजसह बॅटरीपर्यंत टाका. अर्थिंग तीन ठिकाणी: बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते बॉडी, ब्लॉक ते सबफ्रेम. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. निम्मे गूढ सेन्सर-दोष नव्या पावडर कोटिंगवर आवळलेल्या अर्थिंगमधून येतात. हवा मोजणारा सेन्सर सरळ नळीत, थ्रॉटलपासून किमान १० इंच लांब ठेवा. ऑक्सिजन सेन्सर आडव्या रेषेच्या वर झुकलेला बसवा, म्हणजे एक्झॉस्टमधलं पाणी त्यात साचत नाही.

पुण्याचं काय?

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची स्वतंत्र नोंदणी आली. त्यात ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. एलएस३ बसवलं की ही वाट बंद झाली असं धरून चाला. शिवाय नोंदणीत नमूद इंजिन आणि रचना बदलण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. पुण्याचा विचार खरोखर असेल तर ही गाडी मूळ ३०७ वरच नीट करा, आणि बदलाची हौस दुसऱ्या गाडीवर भागवा. दोन्ही हौसा एका गाडीवर भागत नाहीत.

पहिली सुरुवात

प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढा, फिल्टर तेलाने भरून बसवा, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारत तेलाचा दाब ३० पीएसआयच्या वर जाईपर्यंत थांबा. दाब येत नसेल तर सेल्फ जाळू नका, ब्लॉकच्या पुढच्या डाव्या बाजूच्या तेलाच्या भोकातून प्रेशर टँकने तेल भरा. स्कॅनर लावून पेडल ० ते १०० टक्के जातं का बघा. मग फ्यूज लावून पेट्रोलचा दाब ५८ आहे आणि कुठे गळत नाही हे पाहा, त्यानंतरच किल्ली. जुन्या इंजिनासारखं २० मिनिटं २,००० फेऱ्यांवर धरायची गरज नाही, या कॅमला रोलर लिफ्टर आहेत. क्रँक सेन्सरची शिकवणी स्कॅनरने करून घ्या, नाहीतर मिसफायर ओळखण्याची सोय चालत नाही आणि दिवा लागतो. गाडी गरम झाल्यावर कंट्रोलर करत असलेली इंधनाची दुरुस्ती दोन्ही बाजूंना उणे-अधिक ८ टक्क्यांत हवी. एकाच बाजूला जास्त दिसली तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी त्या बाजूच्या हेडरचं गॅस्केट तपासा. तिथून हवा शिरली की सेन्सर फसतो.

ब्रेक पॅड बसवण्यासाठी ४० मैलांवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा सावकाश उतरवा आणि मग थंड होऊ द्या. १०० मैलांनी आणि पुन्हा ५०० मैलांनी हेडर, कमानपाट्यांचे बोल्ट, सबफ्रेम आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने पाहा. कमानपाट्यांचे बोल्ट पहिल्या खेपेला हमखास अर्धा आटा फिरतात.